तिसऱ्या मजल्यावरचा फोन

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. लग्न होऊन मी दौंडला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या सासऱ्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "सूनबाई, या घरात अंगारा न्हाई, उतारा न्हाई, अंगात येणं न्हाई. ताप आला तर दवाखाना." माझं माहेर शिरूर तालुक्यातलं केंदूर, तिथंही आमच्या घरी हेच वळण. म्हणून आता जे सांगणार आहे, ते मला जमेल तसं, घडलं त्या क्रमानं सांगते. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

याच जानेवारीतली गोष्ट. सकाळचे दहा वाजले होते. केंदूरहून भावानं तुरीच्या शेंगा पाठवल्या होत्या, त्या मी दारात उन्हाला बसून सोलत होते. आमचं घर रेल्वे लाईनच्या अगदी जवळ आहे. मालगाडी गेली की मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात. पाहुणे दचकतात, आम्हाला मात्र तो आवाज आता ऐकूही येत नाही. माझे मिस्टर, दीक्षाचे पप्पा, कारेगावला कंपनीत असतात. आठवडाभर तिथंच खोलीवर राहतात, रविवारी घरी येतात. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. त्यांचं नाव बबनराव, पण सगळे त्यांना आबा म्हणतात.

तेवढ्यात दीक्षाचा व्हिडिओ कॉल आला.

दीक्षा माझी एकुलती एक मुलगी. बारावीनंतर तिनंही दोन वर्षं कारेगावच्या एका कंपनीत काम केलं. तिथूनच जर्मन भाषेचा क्लास लावला, आणि इमारतींच्या देखभालीचं तीन वर्षांचं ट्रेनिंग घ्यायला जर्मनीला गेली. शहराचं नाव लिहीत नाही, ती अजून तिथंच आहे. पहिल्या वर्षासाठी तिला एक जुनी सरकारी इमारत दिली आहे. साहेब लोक यायच्या आधी, पहाटे पाचला आत जायचं आणि तिसरा मजला स्वच्छ करायचा. तिथं पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा आपल्याकडे दहा वाजलेले असतात. इतक्या मोठ्या इमारतीत एकटीला बरं वाटत नाही म्हणून ती मोबाईल ट्रॉलीवर उभा करून ठेवते आणि काम करता करता आमच्याशी बोलते. माझ्याभोवती लख्ख ऊन, आणि हातातल्या मोबाईलमध्ये अंधारा, लांबच लांब बोळ. याची सवय मला अजून झालेली नाही.

"तितं फरशी पुसाया बी माणूस दौंडातनंच न्यावा लागतो व्हय?" आबा रोज तिला चिडवायचे.

"आबा, फरशी पुसणं न्हाई, ट्रेनिंग हाय! परीक्षा असते त्याची."

"फडकं कसं पिळायचं त्याची?"

"व्हय, आन् तुम्ही नापास व्हाल."

त्या दिवशी मात्र ती वेगळ्याच उत्साहात होती. इमारतीचे राखणदार योर्ग म्हणून एक म्हातारे गृहस्थ आहेत. ही त्यांना योर्गकाका म्हणते, तेही हाक मारली की ओ देतात. त्यांनी आदल्या दिवशी तिला इमारतीची सगळी कहाणी सांगितली होती.

"आबा, ही आधी रेल्वेची कचेरी होती. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या राजानं बांधली. ह्या सगळ्या भागातल्या गाड्या हिथून चालायच्या."

आबा सावरून बसले. चौतीस वर्षं ते रेल्वेत गेटमन होते. रेल्वेचं नाव निघालं की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

दीक्षा सांगत होती आणि एकीकडे फरशी पुसत होती. तिचा आवाज बोळात घुमत होता. राजा गेला. पुढं नाझींचं सरकार आलं. त्या काळात ज्यू लोकांना घराघरांतून बाहेर काढायचे, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळे. मालगाडीच्या डब्यांत कोंबायचे आणि मारायला छावण्यांत पाठवायचे. त्या गाड्या कधी सुटणार, कुठल्या रुळावरून जाणार, ते अशा कचेऱ्यांतून ठरायचं.

"योर्गकाका म्हणतात, हिथं कुणाच्या हातात बंदूक नव्हती. सगळे टेबलाशी बसून काम करायचे. पुढचा मार्ग मोकळा हाय का, एवढंच फोनवर विचारायचे. पलीकडचा हो म्हणायचा. ह्यो लिहून घ्यायचा. पाच वाजले की घरी जायचे."

आबांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजी आमच्यासारखीच माणसं," ते म्हणाले.

मग युद्धात इमारतीची एक बाजू बॉम्बनं पडली. मग रशियन लोकांचा अंमल आला, मग आणखी एक सरकार, तेही गेलं. आता तिथं लोकांच्या पेन्शनचं कामकाज चालतं. ह्या मधल्या काळात रंग बदलला, दिवे बदलले. एक वस्तू मात्र कोणी हलवली नाही. तिसऱ्या मजल्याच्या बोळात, भिंतीवर बसवलेला काळा फोन. जुन्या वास्तू जपणारं खातं तो काढू देत नाही. त्याची तार केव्हाच कापलेली आहे.

"हे बघा आबा. डिट्टो तुमच्या गेटवरच्यासारखा."

तिनं मोबाईल त्या फोनजवळ नेला. काळा, जड, बाजूला फिरवायची मूठ. आबा हसले. "आयला… त्येच की! कानाला लाव बरं. काय वास तरी येतो का बघ. आमच्याला बिडीचा यायचा."

तिनं रिसीव्हर उचलला, वास घेतला, कानाला लावला. "काही नाही. मुका हाय." मग मजेत तिनं रिसीव्हरचं तोंड आपल्या मोबाईलजवळ धरलं. "घ्या, तुम्हीच बोला तुमच्या स्टेशनमास्तरशी."

आबांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि कानाला लावला.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. गेटवर फोन कसा चालायचा ते. स्टेशनातून मास्तर फोन करायचा, अमुक गाडी सोडायची आहे, गेट लाव. आबा गेट बंद करायचे, कुलूप घालायचे, आणि मग सरकारी कागदावर छापलेला पुढचा आकडा मास्तरला सांगायचे. मास्तर तोच आकडा परत म्हणून दाखवायचा. मग आबा त्याच्यावर काट मारायचे. एकदा वापरलेला आकडा पुन्हा वापरायचा नाही. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आबा म्हणायचे, नंबर म्हणजे सही. नंबर दिला की गाडी येणारच, मग रुळावर कोण आहे ते ती बघत नाही. झोपेतून उठवलं तरी त्यांच्या तोंडून आधी नंबरच यायचा, अशी ती सवय. निवृत्तीच्या दिवशी कागदावरचा एक आकडा वापरायचा राहून गेला होता, ही रुखरुख त्यांनी मला कितीदा तरी बोलून दाखवली होती.

मोबाईल कानाला लावून आबा गप्प बसले होते. मला वाटलं, नातीची गंमत चालू ठेवताहेत. मग त्यांची मान हळूच हलली, कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी. आणि ते एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "गेट बंद हाय. नंबर सत्तेचाळीस."

मी हसले. पलीकडे दीक्षाही हसली.

आबा हसले नाहीत. त्यांनी मोबाईल खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"परत म्हणाला त्यो," ते म्हणाले. "सत्तेचाळीस… आपल्या भाषेत म्हणाला."

"कोण, आबा?"

"मास्तर."

त्या आकड्याआधीचं मास्तरचं बोलणं जर्मनच असावं, आबांना शब्द कळले नव्हते. "पर मागणी कळती गं," ते म्हणाले. "गाडी सोडू का, हे इचारायचा सूर जगात एकच असंल. आन् त्यो राहिलेला नंबर तोंडातनं निघून गेला माझ्या."

मी त्यांना पाणी दिलं. वय झालंय, भास झाला असेल, असं मनाला समजावलं. शेंगा सोलायला परत बसले, पण दाणे टोपल्यात टाकायचे सोडून टरफलं टाकत होते.

पुढचे दोन-तीन दिवस तसे शांतच गेले. आबा मात्र अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. मनगटावरचं घड्याळ पुन्हा पुन्हा बघायचे. एकदा मला म्हणाले, "लाईन दिली ना म्या. आता गाडी सुटली असंल."

"आबा, तिथं रूळ कुठंत? इमारत आहे ती."

"त्येच म्हणतो. रूळ न्हाईत, मग गाडी जाणार कुठनं?"

दीक्षाला मी यातलं काही बोलले नाही, उगीच एकटी पोर घाबरायची. पण तीच चौथ्या दिवशी म्हणाली, "मम्मी, हिथं कोळशाचा वास येतोय. योर्गकाका म्हणतात, बॉयलर तर गॅसवर हाय." आणि जरा थांबून, "फरशी पुसली की पुन्हा काळी धूळ बसते. फक्त या बोळात."

आबा माझ्या मागून ओरडले, "त्या बोळात जाऊ नको! दुसरीकडं काम कर!"

"आबा, बोळ न्हाई पुसला तर सही कोण देईल? तीनदा काम राहिलं तर ट्रेनिंगमधनं काढतात."

मधे शनिवार-रविवार तिला सुट्टी होती. सोमवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना कॉल आला. मोबाईल नेहमीसारखा ट्रॉलीवर होता. दीक्षा बोळाच्या मध्यावर, त्या फोनपासून चार पावलांवर काम करत होती. रविवारी जेवायला काय केलं, पप्पा काय म्हणाले, असलं साधं बोलणं चाललं होतं.

त्या बोळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी दारं आहेत. आग लागली तरच ती बंद होतात, एरवी कायम भिंतीला चिकटलेली असतात. बोलता बोलता एक मोठा आवाज झाला. लगेच दुसरा.

दीक्षानं मान वर केली. "मम्मी… दारं लागली."

"कोणती?"

"दोन्ही."

ती एका दाराकडे गेली. कार्ड लावून बघितलं, धक्का दिला. मग दुसऱ्याकडे धावली. तिच्या बुटांचा आवाज लांब जाऊन परत आला. "उघडत न्हाईत. कार्ड चालंना. थांब, योर्गकाकांना लावते…" तिनं दोनदा प्रयत्न केला. दुसरीकडे फोन लागत नव्हता. आमचा कॉल तेवढा तुटला नव्हता.

"घाबरू नको," मी म्हणाले. माझं मलाच पटत नव्हतं. ट्रॉलीवर पाण्याची बादली होती, ती मला मोबाईलमध्ये अर्धी दिसत होती. त्या पाण्यावर बारीक बारीक गोल उठत होते. उठायचे, विरायचे, पुन्हा उठायचे. ट्रॉलीला कोणी हात लावलेला नव्हता.

आणि मग आमच्या घरातल्या वाट्या किणकिणायला लागल्या.

मी दाराबाहेर पाहिलं. लाईन मोकळी होती. दोन्हीकडं लांबवर ऊन पसरलेलं, रुळांच्या कडेला शेजारच्या पुतळाबाईच्या शेळ्या चरत होत्या. गाडी नव्हती. वाट्यांचा आवाज मात्र वाढत होता.

"मम्मी," दीक्षा अगदी हळू बोलली, "काहीतरी येतंय… फरशीखालून…"

"सूनबाई, मोबाईल हिकडं दे."

आबा उभे राहिले होते. नंबर द्यायचा तर उभं राहून द्यायचा, असा त्यांचा नेम होता. "दीक्षा, बाळा, त्यो फोन उचल. मोबाईलपाशी धर. आन् भिताडाला चिकटून उभी ऱ्हा. मधी थांबू नको."

"आबा…"

"उचल म्हणतो ना."

तिनं उचलला. मी स्पीकर चालू केला. आधी नुसता वारा ऐकू आला, लांबवर तारांतून वाहत असल्यासारखा. मग त्यातून माणसाचा आवाज आला. मी तो माझ्या कानांनी ऐकला. त्यात राग नव्हता, दरडावणं नव्हतं. दमलेला, सभ्य, समोर कागद ठेवून बोलणाऱ्या कारकुनाचा आवाज. त्यानं काहीतरी विचारलं आणि थांबला.

"गेटमन बबन बोलतोय," आबा म्हणाले. "मास्तर, म्या दिल्याला नंबर मागं घेतो. गेट उघडं हाय."

त्या आवाजानं तेच पुन्हा विचारलं. तेच शब्द, तोच सूर.

"न्हाई."

पुन्हा तेच.

वाट्यांतली एक खाली पडली आणि गोल गोल फिरत राहिली. मी तिला हात लावला नाही.

"गेटमधी माणूस हाय, मास्तर. माझी नात हाय. गेटमधी माणूस असताना गाडी सोडता येत न्हाई, ह्यो तुमचा बी नियम हाय आन् आमचा बी. तवा कुणी म्हणालं नसंल तुम्हांस्नी. म्या म्हणतो. गाडी सोडू नका."

पलीकडे काहीच नाही. वाराही थांबला होता.

"नंबर परत म्हणा. सत्तेचाळीस, रद्द. म्हणा, मास्तर."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दीक्षाचा श्वास ऐकू येत होता. मग तो आवाज आला, एकेक अक्षर सावकाश, लिहीत लिहीत बोलल्यासारखा.

"सत्तेचाळीस… रद्द."

आणि कागदावर टाक ओढल्याचा आवाज. एकच काट.

वाट्या थांबल्या. बादलीतलं पाणी सपाट झालं. दोन्ही दारं खट्ट करून भिंतीला जाऊन चिकटली. दीक्षानं मोबाईल उचलला आणि ती पळत सुटली. मला नुसत्या पायऱ्या दिसत होत्या, वरखाली होणाऱ्या. आबा खाली बसले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि रडत राहिले.

दुपारी तिचा पुन्हा फोन आला. ती खाली दरवाजापाशी पोचली तेव्हा योर्गकाका खोलीतून बाहेर येऊन उभे होते. इमारतीचं मुख्य दार आपोआप उघडणारं आहे, माणूस समोर आला की उघडतं, गेला की मिटतं. ते उघडलं होतं आणि मिटत नव्हतं. दीक्षा बाहेर गेल्यावरही नाही. अकरा मिनिटं ते उघडंच राहिलं, आणि बाहेरचा गारठा आत येत राहिला. योर्गकाकांनी घड्याळ लावून बघितलं म्हणे. बाहेर ताजा बर्फ पडलेला होता. त्याच्यावर दीक्षाच्या बुटांखेरीज काही उमटलेलं नव्हतं.

मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी रद्द झाली की पाशिंजर उतरतातच की."

त्या रात्री ते पोटभर जेवले.

हे इथं संपलं असतं तर मी कोणाला सांगायलाही गेले नसते. पण त्या मुख्य दाराच्या वर एक छोटी पाटी आहे. आत किती माणसं आहेत त्याचा आकडा तीवर दिसतो, आग लागली तर कळावं म्हणून. माणूस आत आला की एक वाढतो, गेला की एक कमी होतो. योर्गकाका त्यात मोजले जात नाहीत, त्यांची ये-जा मागच्या दारानं. त्या सोमवारी तो आकडा शून्याच्या खाली गेला होता, उणे आठशेच्याही खाली, तेवढी माणसं नुसती बाहेरच पडल्यासारखा. योर्गकाकांनी तो पुसून पुन्हा शून्यावर आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे इमारत रिकामी असताना पाटीवर एक होता. त्यांनी पुन्हा शून्य केला. पुन्हा एक. मग त्यांनी नाद सोडला.

दीक्षानं दुसरी इमारत मागितली आहे. अर्ज वर गेलाय, पण तिकडं सगळं कागदानं चालतं, महिना दोन महिने जातील. तोवर तिला तिथंच जावं लागतं. बोळ ती दिवा लावून, गाणी म्हणत, दहा मिनिटांत उरकते. फोनकडे बघत नाही. मी रोज विचारते, पाटीवर किती होते? ती म्हणते, "मम्मी, एक. मी आत गेले की दोन."

आबांना मी विचारलं, सगळी उतरली, मग हा एक कोण राहिला?

"मास्तर," ते म्हणाले. "त्यो कसा जाईल? ड्युटीवरचा माणूस जागा सोडत न्हाई, सूनबाई. बदलीचा माणूस येऊन उभा राहिला, की मग घरी जातो."

आज सकाळीही दीक्षाचा फोन आला होता. आवाज छान होता तिचा, थंडी कमी झाली म्हणाली. मी विचारलं, पाटीवर किती?

"एक होता," ती म्हणाली. "आणि गंमत म्हणजे मी आत आले, तरी एकच राहिला, त्याच वेळी कुणी बाहेर गेल्यासारखा. मशीन बिघडलं वाटतं."

मी हे आबांना अजून सांगितलेलं नाही.